वस्तू बोलतात, मुलांना ऐकू द्या

शाळेची सहल संग्रहालयात जाते, रांगेने फिरते आणि रांगेनेच बाहेर पडते. याच दोन तासांत मुलांना इतिहासाची कायमची गोडी लागू शकते. त्यासाठी शिक्षकांनी आणि आईवडिलांनी काय करायला हवे?

डिसेंबर-जानेवारी उजाडला की शाळाशाळांतून सहलींचे बेत ठरू लागतात. एक बाग, एक देऊळ, एखादा किल्ला आणि वेळ उरलाच तर एक संग्रहालय. पन्नास-साठ मुले, दोन शिक्षक, एक शिपाई. दारातच सूचना सुरू होतात. "हात लावू नका", "रांग मोडू नका", "पुढे चला". तलवारींच्या कपाटापाशी गर्दी होते, नाण्यांपाशी दोघे-तिघे रेंगाळतात आणि मडक्यांपाशी कुणीच थांबत नाही. अर्ध्या तासात सगळी दालने संपतात. संध्याकाळी आई विचारते, "काय पाहिलंस रे?" आणि चिरंजीव सांगतात, "तलवारी होत्या. मग आम्ही भेळ खाल्ली."

यात मुलांचा काहीच दोष नाही. अक्षरओळख नसलेल्या मुलाला ग्रंथालयात नेऊन सोडले, तर तेही कपाटे मोजूनच परत येईल. पुस्तक वाचायला आपण मुलांना शिकवतो, पण वस्तू वाचायला कोण शिकवते? फुटलेले मडके, झिजलेले नाणे, काजळी धरलेला दिवा यांनाही काही सांगायचे असते. ते ऐकायचे कसे, याची सवय मुलांना लावावी लागते. ही सवय लागली की पाठ्यपुस्तकातल्या सनावळ्या आपोआप जिवंत होतात आणि इतिहास म्हणजे केवळ राजे, लढाया आणि तह ही समजूतही गळून पडते.

आपल्या गावाचा, आपल्या आळीचा, आपल्या स्वयंपाकघराचा इतिहास तर कोणत्याच पुस्तकात छापलेला नसतो. तो असतो गावातल्या किंवा जवळच्या शहरातल्या लहानशा संग्रहालयात आणि घराच्या माळ्यावर. म्हणूनच स्थानिक संग्रहालय ही सहलीत उरलेला वेळ घालवायची जागा नव्हे. तो शाळेचाच आणखी एक वर्ग आहे.

तेर गावात रोमची आठवण

धाराशिव जिल्ह्यात तेरणा नदीच्या काठी तेर नावाचे गाव आहे. बहुतेक मराठी घरांना ते ठाऊक आहे ते संत गोरा कुंभारांचे गाव म्हणून. थापटण्याने संतांच्या डोक्यावर थापट्या मारून कोणते मडके कच्चे, कोणते पक्के हे पारखणाऱ्या गोरोबाकाकांची कथा आजीने आपल्याला सांगितलेली असते. पण गोरोबाकाकांच्याही आधी हजार-बाराशे वर्षे हे गाव मातीच्या कामासाठी आणि व्यापारासाठी गजबजलेले होते, हे किती जणांना माहीत असते?

त्या काळी या गावाचे नाव होते तगर. इसवी सनाच्या पहिल्या शतकात ग्रीक भाषेत लिहिलेल्या एका प्रवासवर्णनात त्याचा उल्लेख आहे. 'पेरिप्लस' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या त्या पुस्तकात, भडोच बंदरापासून दक्षिणेकडे वीस दिवसांच्या वाटेवर पैठण आणि तिथून पूर्वेकडे दहा दिवसांच्या वाटेवर तगर, असा रस्ताच सांगितला आहे. तगरचे कापड गाड्यांवर लादून भडोचला जाई आणि तिथून गलबतांतून परदेशी. ते तगर म्हणजेच आजचे तेर, हे संशोधक जे. एफ. फ्लीट यांनी १९०१ मध्ये दाखवून दिले.

तेरचे रहिवासी रामलिंगप्पा लामतुरे यांनी गावात सापडणाऱ्या जुन्या वस्तू वर्षानुवर्षे जमवल्या. पावसाळ्यात पांढरीची माती वाहून गेली की मणी, बाहुल्या, नाणी वर येत. इतरांना ज्या गोष्टी फुटक्यातुटक्या वाटल्या, त्या त्यांनी जपून ठेवल्या. पुढे त्यांच्या कुटुंबाने हा संग्रह शासनाच्या हवाली केला आणि त्यातूनच त्यांच्या नावाचे संग्रहालय गावात उभे राहिले. मातीचे दिवे, पांढऱ्या मातीच्या घडीव बाहुल्या, शंखाच्या बांगड्या, नाना रंगांचे मणी असे कितीतरी तिथे पाहायला मिळते. रोमन नाण्यांची नक्कल करून बनवलेली मातीची पदकेही तेरच्या मातीत निघाली आहेत.

तेरला हस्तिदंताची एक स्त्रीमूर्तीही सापडली. तिच्यासारखीच भारतीय घडणीची हस्तिदंती मूर्ती १९३८ मध्ये इटलीतल्या पाँपेई शहराच्या अवशेषांत मिळाली. पाँपेई शहर इसवी सन ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडले गेले. म्हणजे ती मूर्ती त्याआधीच आपल्याकडून समुद्र ओलांडून तिथे पोहोचलेली होती!

हे सगळे सहावीच्या मुलांसमोर नुसते सांगितले तर ती जांभया देतील. त्याऐवजी त्यांच्या हाती जगाचा नकाशा आणि दोरा द्या. तेर, पैठण, भडोच अशा टाचण्या टोचत दोरा पुढे न्यायला सांगा. बैलगाडी दिवसाला किती कोस जाईल, वीस दिवसांत किती, याचे गणित करू द्या. वाटेत काय खाल्ले असेल, चोरांपासून माल कसा राखला असेल, पावसाळ्यात गाड्या कशा चालल्या असतील, हे त्यांनाच ठरवू द्या. एका तासात इतिहास, भूगोल आणि गणित असे तीन विषय होतात. शिवाय तेरच्या परिसरातल्या मुलाला जाणवते ते वेगळेच. ज्या मातीत आपण गोट्या खेळतो, तिथले कापड सातासमुद्रापलीकडे जात होते. आपले गाव 'आडबाजूचे' आहे, हा न्यूनगंड घालवायला याहून चांगला धडा कोणता?

एकाच दिव्याचा तास

संग्रहालयाच्या भेटीत होणारी सर्वांत मोठी चूक म्हणजे सगळेच पाहण्याचा अट्टहास. पुण्यातले राजा दिनकर केळकर संग्रहालय घ्या. 'अज्ञातवासी' या नावाने कविता लिहिणाऱ्या दिनकर केळकरांनी गावोगाव, वाड्यावाड्यांतून हिंडून वीस हजारांहून अधिक वस्तू जमवल्या आणि अकाली गेलेल्या आपल्या राजा नावाच्या मुलाचे नाव संग्रहालयाला दिले. इथे सिंहासने-मुकुटांपेक्षा घरातल्या वस्तूंचा थाट मोठा आहे. दिवे, अडकित्ते, वज्ऱ्या, फण्या, दौती, कुलुपे, पानपुडे, स्वयंपाकाची भांडी. एवढे सगळे दोन तासांत पाहायचे म्हटले तर मोठ्या माणसाचेही डोके गरगरेल.

मग करायचे काय? समजा, पाचवीचा वर्ग आहे. त्यांना सांगा, आज आपण फक्त दिवे पाहायचे. बाकी सगळे पुढच्या वेळी. प्रत्येक मुलाने आपल्या आवडीचा एक दिवा निवडायचा, त्याच्यासमोर दहा मिनिटे बसायचे, त्याचे चित्र काढायचे आणि पुढच्या सहा प्रश्नांची उत्तरे शोधायची.

१. ही वस्तू कशाची बनली आहे?
२. ती कोणी घडवली असेल? कुंभाराने, तांबटाने की ओतकाम करणाऱ्या कारागिराने?
३. ती कोणाच्या घरात, कोणत्या जागी असेल? देवघरात, माजघरात, कोनाड्यात की गोठ्यात?
४. ती कुठे झिजली आहे किंवा काळवंडली आहे? का?
५. आज आपल्या घरी तिचे काम कोण करते?
६. ती इथे कशी पोहोचली असेल?

चौथा प्रश्न मुलांना फार आवडतो, कारण त्यात गुप्तहेरगिरी आहे. समईचा दांडा मधोमध गुळगुळीत का? रोज तिथेच हात पडायचा म्हणून. लामणदिव्याला साखळी का? तो टांगायचा म्हणून. मग तो देवाच्या मूर्तीसमोर टांगत की दारात? एकेका उत्तरातून पुढचा प्रश्न निघतो. तेल कोणते वापरत? करडईचे, तिळाचे की एरंडाचे? ते गाळायचे कोण? तेल्याचा घाणा गावात कुठे होता? वात कोणी वळली? रात्री अभ्यास किती वाजेपर्यंत होत असेल? दिवेलागणीला शुभंकरोती का म्हणत, हे मुलाला त्या क्षणी आपोआप उमगते. अंधार पडला की घर मिट्ट काळोखात बुडायचे आणि तो एवढासा दिवाच सगळ्या घराचा आधार असायचा.

मुलांनी दिलेले उत्तर चुकले तरी हरकत नाही. चुकीच्या उत्तरावरही "कशावरून?" एवढाच प्रश्न विचारावा. पुरावा पाहून बोलायचे, ही सवय लागणे हेच या तासाचे खरे फळ.

संग्रहालय आले शाळेच्या दारात

आता काही संग्रहालयांनी स्वतःहून मुलांकडे जायला सुरुवात केली आहे. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाने २०१५ मध्ये फिरत्या संग्रहालयाची बस सुरू केली. एखाद्या विषयावरचे छोटेसे प्रदर्शन बसमध्ये मांडायचे आणि बस थेट शाळेच्या मैदानात किंवा गावात न्यायची, अशी ही कल्पना. ज्यांना मुंबईला येणे परवडत नाही, ज्यांच्या शाळेची सहल तालुक्याबाहेर जात नाही, अशा मुलांसाठी ही बस म्हणजे पर्वणीच.

१९२२ मध्ये लोकांसाठी खुल्या झालेल्या या जुन्या संग्रहालयाच्या आवारात २०१९ मध्ये खास मुलांचे संग्रहालयही सुरू झाले. आवारातल्या जुन्या गोरखचिंचेच्या झाडाला धक्का न लावता त्याच्याभोवतीच ही वास्तू उभारली आहे. इथे प्रदर्शन कोणते असावे, कसे मांडावे हे ठरवण्यात मुलांचाच सहभाग घेतला जातो. 'हात लावू नका' ऐकून कंटाळलेल्या मुलांच्या हाती चक्क संग्रहालयाच्या किल्ल्या देण्यासारखेच हे आहे.

मुंबईतच भायखळ्याचे डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय आहे. १८७२ मध्ये लोकांसाठी खुले झालेले हे मुंबईतले सर्वांत जुने संग्रहालय. गेल्या शतकाच्या आधीची मुंबई कशी होती, इथे कोणकोणत्या जातीजमातींचे लोक राहत, ते कोणते पोशाख घालत, कोणते व्यवसाय करत, हे तिथल्या लहान लहान मातीच्या प्रतिकृतींतून पाहता येते. मुंबईच्या मुलाला आपल्या शहराची ओळख करून द्यायला याहून चांगली जागा नाही. बाहेर बागेत ठेवलेला दगडी हत्ती पाहून त्याला सांगा की समोरच्या समुद्रातल्या घारापुरी बेटाला 'एलिफंटा' हे नाव याच हत्तीमुळे मिळाले. मग पुढच्या सुट्टीत तोच तुम्हाला लाँचमध्ये बसवून घारापुरीला नेईल!

दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात २०१५ मध्ये 'अनुभव' नावाचे स्पर्शाने पाहायचे दालन सुरू झाले. निवडक वस्तूंच्या प्रतिकृती तिथे हाताने चाचपून पाहता येतात. अंध मुलांना संग्रहालयाचे दार यामुळे उघडले. अर्थात डोळस मुलांनाही हा अनुभव घेण्यासारखा आहे. बोटांना जे समजते, ते कित्येकदा डोळ्यांना समजत नाही.

शिक्षक तयार, तर वर्ग तयार

बस असो, बालसंग्रहालय असो की तालुक्यातल्या दोन खोल्या, भेटीचे यश अवलंबून असते ते शिक्षकांवर. मार्गदर्शक कितीही चांगला असला तरी आपल्या वर्गातला कोणता मुलगा बुजरा आहे, कोणाचे वडील कुंभारकाम करतात, कोणाच्या घरी अजून जाते आहे, हे फक्त बाईंनाच ठाऊक असते.

पहिली गोष्ट, शिक्षकांनी आधी एकट्याने जाऊन यावे. कोणते दालन घ्यायचे, मुलांना बसायला जागा कुठे आहे, पाणी व स्वच्छतागृह कुठे, मार्गदर्शक मिळतो का, शाळांना प्रवेशमूल्यात सवलत आहे का, हे सगळे विचारून ठेवावे. बरीच संग्रहालये सोमवारी बंद असतात. बस दारात पोहोचल्यावर कुलूप दिसले तर सगळ्या सहलीचा विरस होतो.

दुसरी गोष्ट, सहलीच्या आधीच्या आठवड्यात वर्गात एक तास घ्यावा. शिक्षकांनी आपल्याच घरातली एखादी जुनी वस्तू नेऊन टेबलावर ठेवावी आणि वर दिलेले सहा प्रश्न त्या वस्तूवर विचारून पाहावेत. म्हणजे मुलांना खेळ समजतो आणि प्रत्यक्ष संग्रहालयात गोंधळ होत नाही.

तिसरी गोष्ट, मुलांच्या दहा-दहांच्या टोळ्या कराव्यात. प्रत्येक टोळीला वेगळा विषय द्यावा. एकीला दिवे, दुसरीला कुलुपे, तिसरीला वजने-मापे. म्हणजे एकाच कपाटापाशी झुंबड उडत नाही आणि परतल्यावर एकमेकांना सांगण्यासारखेही काही उरते.

प्रश्न कसा विचारावा, यालाही महत्त्व आहे. कोल्हापूरच्या टाऊन हॉल संग्रहालयात ब्रह्मपुरीच्या टेकडीवर सापडलेली पोसायडन या ग्रीक समुद्रदेवतेची लहानशी ब्राँझमूर्ती आहे. "ही मूर्ती कोणत्या धातूची आहे?" असा प्रश्न विचारला तर मुले पाटीवरून उत्तर उतरवून घेतील आणि पुढे जातील. त्याऐवजी विचारा, "कोल्हापुरात समुद्र नाही. मग समुद्राचा देव इथे आला कसा?" बघा, वर्ग कसा उसळतो! घाटवाटा, बंदरे, व्यापारी, त्यांच्या पेट्या, सगळे काही त्या एका प्रश्नातून बाहेर येते.

चौथी आणि बहुतेक वेळा विसरली जाणारी गोष्ट म्हणजे परतल्यानंतरचा तास. सहलीच्या दुसऱ्या दिवशी मुलांकडून निबंध लिहून घेतला की झाले, असे समजू नये. दिव्याचे आत्मचरित्र लिहिणे, मातीचा दिवा घडवून पाहणे, आजोबांना विचारून जुन्या मापांचा तक्ता करणे, असे काहीतरी हाताने आणि तोंडाने करायला द्यावे. वजने-मापे पाहून आलेल्या टोळीला गणिताच्या तासाला कामाला लावता येते. चार शेरांची एक पायली. सोळा आण्यांचा एक रुपया, एका आण्याचे चार पैसे आणि बारा पै. मग रुपयाच्या किती पै? १९५७ मध्ये नवे पैसे आले आणि हिशेब शंभराचा झाला. त्या वर्षी दुकानदारांची आणि गृहिणींची किती तारांबळ उडाली असेल, हे घरातल्या थोरांना विचारायला सांगा. एका प्रश्नावर तासभर गप्पा होतील.

शिक्षकांना यासाठी प्रशिक्षण देणाऱ्या संस्थाही आहेत. सांस्कृतिक स्रोत व प्रशिक्षण केंद्र ही केंद्र सरकारची संस्था १९७९ पासून देशभरातल्या शिक्षकांसाठी शिबिरे घेते. कला, वारसा, संग्रहालये यांचा उपयोग रोजच्या शिकवण्यात कसा करायचा, हे तिथे शिकवले जाते. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दहा दिवस दप्तराविना ठेवण्याची शिफारस आहे. त्यातला एक दिवस गावाच्या इतिहासाला द्यायला काय हरकत आहे?

मोडीत निघालेला इतिहास

आता थोडे आपल्या घराकडे वळू या. कारण खरी घाई तिथेच आहे.

संग्रहालयातली वस्तू निदान कुलुपाआड सुरक्षित असते. माळ्यावरच्या वस्तूंना वाली कोण? जुन्या वाड्याच्या जागी इमारत उभी राहते, गावचे घर विकले जाते, वाटण्या होतात. घंगाळ, बंब, सतेले, परात मोडीत जातात आणि त्या बदल्यात स्टीलचे डबे येतात. जाते अंगणात पालथे पडते. उखळात कुणी तुळस लावते. मोडी लिपीतले कागद 'कुणाला वाचता येतंय?' म्हणून बंबात जातात. वस्तूबरोबर तिचे नावही जाते. रोवळी, शिंके, खवणी, चंची, ठाणवई हे शब्द तुमच्या मुलाला विचारून पाहा. त्यांतले किती त्याला ओळखता येतात? आणि ज्यांना ते ओळखता येतात, ती माणसे आज सत्तरी-ऐंशीच्या घरात आहेत. त्यांना विचारायचे राहून गेले तर पुढे कोणतेही संग्रहालय ही उणीव भरून काढू शकणार नाही.

म्हणून शाळेने एक छोटेसे संग्रहालय स्वतःच करावे. त्याला इमारत लागत नाही. काचेचे एक कपाट आणि एक नोंदवही पुरेशी आहे. मुलांनी घरातून वस्तू आणाव्यात, पालकांची परवानगी घेऊन, आणि प्रदर्शन संपल्यावर परत न्याव्यात. खरे महत्त्व नोंदवहीला. प्रत्येक वस्तूला क्रमांक द्यावा. तिचे नाव, ती कशाची आहे, कोणाच्या घरची आहे, कोण वापरत असे, कशासाठी वापरत असे आणि ही माहिती कोणी सांगितली, हे सगळे लिहावे. आजीच्या तोंडची माहिती तिच्याच शब्दांत उतरवून घ्यावी. सोबत वस्तूचा फोटो लावावा. वस्तू घरी परत गेली तरी नोंद शाळेत राहते आणि दहा वर्षांत गावाचा एक चालताबोलता इतिहास तयार होतो.

यात काही पथ्ये मात्र पाळायला हवीत. जुनी तांब्या-पितळेची वस्तू दिसली की चिंच-राख घेऊन ती लखलखीत करण्याचा मोह आपल्याला आवरत नाही. जुनी नाणी आणि मूर्ती कधीही घासू नयेत. घासण्याने त्यांवरची अक्षरे आणि काळाची खूण दोन्ही पुसली जातात. जुने कागद चिकटपट्टीने चिकटवू नयेत, त्यांना प्लॅस्टिकचे लॅमिनेशन तर मुळीच करू नये. शेतात किंवा पांढरीवर काही दिसले तर मुलांनी उकरत बसू नये. वस्तू कुठे, किती खोल, कशाशेजारी होती, यावरूनच तिचे वय कळते. ती उचलली की निम्मी माहिती जाते.

कायद्याचीही थोडी ओळख असावी. जमिनीत दहा रुपयांपेक्षा अधिक किमतीचा ठेवा सापडला तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवणे १८७८ च्या कायद्यानुसार बंधनकारक आहे. १९७२ च्या पुरावस्तू कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुन्या मूर्ती, नाणी यांसारख्या वस्तू पुरावस्तू ठरतात, तर महत्त्वाच्या हस्तलिखितांना ही मर्यादा पंचाहत्तर वर्षांची आहे. त्यांचा व्यापार परवान्याशिवाय करता येत नाही आणि खासगी व्यक्तींना त्या देशाबाहेर नेता येत नाहीत. हे मुलांना भीती घालण्यासाठी सांगायचे नाही. गावातली मूर्ती ही कोणा एकाच्या मालकीची नसून सर्वांची आहे, हे त्यांना कळावे म्हणून सांगायचे. ज्या गावच्या मुलांना आपल्या देवळातल्या मूर्तीची मापे आणि चित्र ठाऊक आहे, त्या गावची मूर्ती चोरणे सोपे नसते.

महाराष्ट्राबाहेरच्या मराठी घरांसाठी

आपले कितीतरी वाचक नोकरी-व्यवसायानिमित्त किंवा पिढ्यान्‌पिढ्या महाराष्ट्राबाहेर राहतात. त्यांच्या मुलांना 'आपण इथे कसे आलो?' हा प्रश्न कधी ना कधी पडतोच. त्याचे उत्तर कित्येकदा शहरातल्याच संग्रहालयात असते. बडोद्याचे संग्रहालय सयाजीराव गायकवाडांनी उभारले. त्याची इमारत १८९४ मध्ये पूर्ण झाली. तिथला देवमाशाचा अवाढव्य सांगाडा आणि इजिप्तची ममी पाहून मुले हरखून जातात. पण आपल्या प्रजेने हे सगळे पाहावे असे त्या राजाला का वाटले, हा प्रश्नही त्यांना विचारा. ग्वाल्हेरच्या जयविलास राजवाड्यातली जेवणाच्या टेबलावर धावणारी चांदीची आगगाडी पाहताना शिंद्यांच्या दौडीची गोष्ट सांगा.

तंजावरला तर मराठी मुलाने जायलाच हवे. तिथल्या बृहदीश्वर मंदिराच्या भिंतीवर १८०३ चा प्रचंड मोठा मराठी शिलालेख आहे. त्यात भोसले घराण्याचा इतिहास कोरलेला आहे. सरफोजीराजांनी वाढवलेल्या सरस्वती महाल ग्रंथालयात मराठी हस्तलिखिते आणि मोडी कागद जपलेले आहेत. तमिळ प्रदेशात, दगडावर कोरलेली आपली अक्षरे बोटाने वाचताना मुलाला जे वाटेल, ते शंभर पाठांनी वाटणार नाही.

या सुट्टीत सुरुवात करा

१८ मे हा दिवस १९७७ पासून जगभर संग्रहालय दिन म्हणून पाळला जातो. आपल्याकडे तो नेमका मे महिन्याच्या सुट्टीत येतो. म्हणजे मामाच्या गावी गेलेल्या मुलांना तिथले संग्रहालय दाखवायला निमित्त तयारच आहे. नागपूरला असाल तर १८६३ पासूनचा 'अजब बंगला' आहे. साताऱ्याकडे असाल तर औंधच्या टेकडीवर बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी १९३८ मध्ये उभारलेले भवानी संग्रहालय आहे. गोव्यात बाणावलीला 'गोवा चित्रा'मध्ये शेतीची आणि घरगुती कामाची जुनी अवजारे आहेत. यातले काहीच जवळ नसेल, तर आजोळचा माळा तर कुठेच गेलेला नाही.

तिथे चढताना मुलाच्या हातात वही-पेन्सिल द्या आणि सोबत आजीला बसवा. एकच वस्तू खाली काढा. धूळ हलक्या हाताने झटका, मुलाला चित्र काढू द्या आणि मग त्यालाच पहिला प्रश्न विचारू द्या, "आजी, हे काय आहे?" पुढचे सगळे आजी सांगेल. तुम्ही फक्त मध्ये बोलू नका. आणि वहीच्या पहिल्या पानावर वस्तूच्या नावाबरोबर आजीचे पूर्ण नाव आणि तारीख लिहायला मात्र विसरू नका.